डोक्यापाशीची जागा

माझी लिगेरी मावशी मयतावर रडायला जायची. नुसतं रडायला नाही हं. आमच्या ग्रीसमधल्या मानीत मेलेल्याचं गाणं बायका बसल्या जागी रचतात, आणि न गाता पुरलेला माणूस कुत्र्याच्या मौतीनं गेला म्हणतात. मावशीनं चाळीस वर्षांत एक मयत चुकवलं नाही. अंगात ताप असताना गेली, लेकीचा साखरपुडा अर्धा टाकून गेली.

का जायची? पाद्री म्हणायचे, दयाळू आहे. शेजारणी म्हणायच्या, फुकटची कॉफी आणि ब्रँडी. मला वाटायचं, तिचा नवरा समुद्रात बुडाला, त्याच्यावर गायला प्रेतही मिळालं नाही, म्हणून. सगळेच मेले शहाणे आम्ही!

खरं कारण होती पोतिती. तीही गायची. प्रेताच्या डोक्यापाशी बसेल ती पहिली ओळ टाकते, आणि त्या जागेवरून दोघींचं हाडवैर. मावशीनं एकदा कुणाला देवमाणूस म्हटलं, तर पोतिती भर मयतात म्हणाली, "देवमाणूस? बायकोला बडवायचा तो! घाल की तेही गाण्यात!" मग मावशी आठवडाभर धुमसत होती. ऑलिव्ह झोडतानाही हिचं आपलं ओळी पुटपुटणं चालूच.

गेल्या फेब्रुवारीत पोतिती गेली. तिला मूलबाळ नाही. गावात गाणारी आता एकटी मावशी. मी म्हटलं, "चल, आता कोण अडवतंय तुला?"

मावशी जाऊन डोक्यापाशी बसली. "पोतिती, गुणाची गं तू," एवढं म्हणून ती थांबली आणि कान देऊन बसली.

"अगं, पुढं गा ना," मी कुजबुजले. "बिचारी तशीच जाईल."

"सुचत नाही गं."

"तुला? सुचत नाही?"

"ती काही बोललीच नाही, तर पुढं काय म्हणू?"

मला तिचा संताप आला, आणि कीवही. तेवढ्यात पेटी उचलायला माणसं आली. मावशीनं वाकून पोतितीचा खांदा गदागदा हलवला.

"ऊठ गं भवाने! गुणाची म्हटलं तुला, ऐकलंस ना? म्हण की, खोटं बोलतेस लिगेरी! एकदा म्हण!"

बायकांनी तिला ओढून बाजूला केलं. पोतितीला आम्ही तशीच पुरली, न गाता.