सुभेदारांनी सोडलेली चिलापी

आमचे सुभेदार आयुष्यभर मासे धरत आले, पण माशाचा घास त्यांनी कधी तोंडात घातला नाही. फौजेत असताना कुठल्याशा पहाडी नदीवर साहेबांनी हातात गळ दिला आणि ते खूळ पेन्शनीसोबत पलूसकडच्या आमच्या गावात आलं. कृष्णेच्या डोहावर बसायचं, वाम नाहीतर मरळ लागली की हलक्या हाताने सोडवायची आणि म्हणायचं, "जा गड्या, रजा मंजूर." बघणारे कपाळाला हात लावायचे.

दगडू भोई जाळं टाकायला आला की मात्र सुभेदार गळ गुंडाळून घरची वाट धरत. "त्याचं ते पोट हाय, माजा शौक. शौकानं पोटाच्या आड येऊ न्हाई," असं म्हणत.

पुढे त्यांचं बघून पुण्याकडचे हौशी लोक रविवारी येऊ लागले. घाटावर चहा-वड्याचा गाडा लागला, गाव खूश. पण हे पाहुणे मासा सोडणारे नव्हते. अंड्यावरची मरळसुद्धा पिशवीत जायची. मासे कमी झाले. एकजण दिवसभर बसून हात हलवत परत गेला, ते सुभेदारांच्या जिवाला लागलं. "आपल्या दारातनं रिकामा कोण गेलाय कवा?" पाहुणचारात कमी पडणं म्हणजे अब्रूच गेली की! कुठून तरी ड्रम भरून चिलापी माशाची पिल्लं आणली आणि स्वतःच्या हाताने डोहात सोडली.

तिथेच घात झाला. ती मेली अशी वाढली, की इतर माशांची अंडी-पिल्लं खाऊन तिने काही ठेवलं नाही. वाम गेली, मरळ गेली. दगडूच्या जाळ्यात बोटाएवढी चिलापी यायची, बाजारात तिला कुत्रं विचारत नव्हतं. हौशी मंडळी दुसरा डोह शोधून गेली, गाडाही उठला. शेवटी दगडूने खंडाळ्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. निघताना सुभेदार त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. तो एवढंच म्हणाला, "तुमी काय मुद्दाम केलं व्हय?" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर सुभेदार रोज उजाडलं की डोहावर. चिलापी काढायची, काठावर टाकायची. मी म्हणालो, "आवं, अशानं कवा संपायची?" ते म्हणाले, "न्हाई संपली तर न्हाई. दगडूला सांगावा धाड, म्हातारा काढतोय म्हणावं."

गेल्या थंडीत ते गेले. रक्षाविसर्जनाला दगडू एसटी धरून आला. डोहात राख सोडली, तशी खायला काही पडलं समजून चिलापीची झुंबड उडाली. आम्ही काठावरच उभे. दगडू मात्र कपड्यांनिशी पाण्यात उतरला आणि दोन्ही हातांनी पाणी झोडपत तिला हाकलू लागला.