महाराणीच्या पापण्या

शिंप्याच्या दुकानात तिला सगळे महाराणी म्हणत. कोटांची काजं हाताने करणारी बाई, पण बोलताना हनुवटी अशी वर, जणू गिऱ्हाईकावरच उपकार करतेय! खरं तर तिच्या पापण्या जन्मापासून अर्ध्या मिटलेल्या. मान वर केल्याशिवाय बिचारीला समोरच्याचा चेहराच दिसत नसे. पण विचारतो कोण? लोकांना काय, नावं ठेवायला पैसे पडत नाहीत.

सकाळी तिचा टाका दृष्ट लागावी असा. दुपार कलली की हात गळायचे, घास चावता चावता जबडा थकायचा. जरा टेकली की पुन्हा बरं वाटायचं, म्हणून लोक म्हणत, नुसती नाटकं! मोठा भाऊही असाच होता. तो लहानपणीच साध्या तापात श्वास अडकून गेला. तेव्हा आई म्हणाली, "आपल्या रक्तातच खोट आहे गं." पोरीने मनाशी खूणगाठ बांधली.

पुढे दुकानातल्या कटिंग मास्तरने तिला लग्नाचं विचारलं. भला माणूस. तिची उरलेली काजं संध्याकाळी गुपचूप पुरी करून ठेवायचा. तिचाही जीव होता त्याच्यावर, खोटं कशाला बोला! तरी तिने साफ नाही म्हटलं. आपल्यासारखंच लेकरू जन्माला घालायचं आणि भावासारखं डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं? छे! हे त्याला मात्र कधी सांगितलं नाही. मास्तर बरेच दिवस थांबला, मग दुसऱ्या गावी संसार थाटून मोकळा झाला. आई गेल्यावर तर खोलीत तिच्याशी बोलायलाही कोणी उरलं नाही.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी उलट पायातलं होतं नव्हतं ते बळही गेलं. केस पिकल्यावर मोठ्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिची जनुकं तपासायला रक्त पाठवलं. निकाल ऐकायला ती एकटीच गेली.

"नस आणि स्नायू जिथे भेटतात ना, ती जागाच तुमची जन्मतः कच्ची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. तुमच्या दोन्ही बिघडलेल्या. आईवडिलांची एकेकच बिघडलेली, म्हणून ते ठणठणीत राहिले. आधीच्या गोळ्या तुमच्या प्रकाराला बाधतात. आता दम्यावरचं एक औषध देते, त्याने बळ येईल."

"आणि अशा बाईच्या मुलांना होतो का हो हा आजार?"

"सहसा नाही. नवऱ्याच्याही त्याच जनुकात बिघाड असला तरच, आणि तसं फार क्वचित. एरवी मुलं अगदी धडधाकट निघतात."

एवढा जन्म एकटीने काढला, तो कशापायी?

डॉक्टरीणबाई औषध लिहीत होत्या. "सुरुवातीला छातीत धडधडेल. लक्ष ठेवायला घरी कोणी आहे ना?"

"मुलगी आहे," ती म्हणाली.

"छान! मग पुढच्या वेळी तिला सोबत आणा."

"आणते की," ती म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेत उठली.