हूक खालच्या बाजूला

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई. नमाजातसुद्धा न्हाई — अल्लाला ठाऊकच हाय म्हणून तिथंही टाळलं. तुमी ऐका, मधी बोलू नका.

अंबाजोगाईत माझं फ्रेमचं दुकान हाय. देवाचे फोटो, निरोपसमारंभाचे, मेलेल्या माणसांचे. ह्यांची वरची बाजू कुठली, हे कुणाला विचारावं लागत न्हाई. नामदेव सरांच्या चित्राला मात्र विचारावं लागलं. सर घाटनांदूरकडं शाळेत चित्रकला शिकवायचे. धनगराघरचे, लई कमी बोलणारे. चित्र आणलं त्याच्या आदल्या साली त्यांची बायको सुमन विहिरीत पडून गेली होती. पाय घसरला, असं सगळ्यांनी मानलं होतं. मागं एक छोटी मुलगी, ऋतुजा.

जाड कागदावरचं चित्र. एक काळा गोळा, एक लांबडा पांढरा फराटा, बाकी मातीसारखं पिवळट. मी विचारलं, सर, हे काय हाय? म्हणाले, काही न्हाई, रंग हाय, काळं वर ठेवा. मी कागदाच्या मागं पेन्सिलनं बाण काढला, वरची बाजू कळावी म्हणून. मग काच बसवली, मागून पुठ्ठा ठोकला, बाण झाकला गेला — अन् लग्नसराईच्या गडबडीत हूक मारला खालच्या बाजूला. सर न्यायला येईपर्यंत फ्रेम दुकानात समोरच टांगली.

अन् काय सांगू! चहाचे कप हातात घेऊन लोक भांडायचे. एक म्हणायचा, म्हशीचा डोळा हाय. दुसरा म्हणायचा, कायबी न्हाई बे, पोरानं रंग सांडलाय. कुणी म्हणे, ज्याला माणूस काढता येत न्हाई तो असलं काढतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मला मजा वाटायची. भांडता भांडता लोक माझ्या फ्रेमा बघायचे, खोटं कावून बोलू? मग एक दिवस समोरचा टायरवाला बराच वेळ बघत उभा राहिला अन् हळूच म्हणाला, "ही बाई हाय. विहिरीत चाललीय. पण हे वरून बघितल्यागत हाय — वरून कोण बघत होतं?"

त्यानंतर कुणाला म्हशीचा डोळा दिसला न्हाई. मलाही न्हाई. असलं एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसत न्हाई, तुमीच बघा कधी. बाजाराला आलेल्या माणसांनी ती गोष्ट सुमनच्या बापापर्यंत नेली.

तो आला, चार माणसं घेऊन, सरांना मधी धरून. सरांनी चित्राकडं बघितलं, अन् त्यांचा चेहरा — उजळला हो. आता सुटलो, असंच वाटलं असणार त्यांना. म्हणाले, "खलीलभाई, हे उलटं लागलंय. तुमी मागं बाण काढलाय. पुठ्ठा काढून दाखवा ह्यांना."

सगळे माझ्याकडं वळले. माणसं तापलेली, दुकानभर काच. अन् इतके दिवस जे बोललं गेलं ते माझ्या एका हुकामुळं, हे त्यांच्यापुढं कबूल करायचं? चार खिळे उपसायचे होते, एवढंच काम होतं.

मी म्हणालो, "सर, तुमी सांगितलं तसंच लावलंय. अन् ठोकलेला पुठ्ठा काढला की काच तडकते."

न्हाई तडकत. रोज काढतो मी.

सर माझ्याकडं बघत राहिले, बस. त्याच संध्याकाळी आजा ऋतुजाला आपल्या घरी घेऊन गेला, ती कायमचीच. बापाला तिचं तोंड बघू दिलं न्हाई. सरांनी बदली मागितली. ते चित्र न्यायलाही आले न्हाईत.

सगळे गेल्यावर मी पुठ्ठा काढला. बाण होता. चित्र सरळ धरलं — वर काळा ढग, खाली पांढरी मेंढरं ओळीनं चालल्यागत. का आता मला तेच बघायचं होतं? तेव्हातरी पळत जाऊन सांगायला पायजे होतं. पाय निघाला न्हाई. चित्र माळ्यावर टाकलं.

मागच्या महिन्यात कॉलेजची एक मुलगी आली. आईबापाच्या लग्नाचा फोटो घेऊन. आईचा दुसरा फोटोच न्हाई, म्हणाली. मी फोटो हातात घेतला अन् सर ओळखले.

"चाचा, नुसती आई पायजे. ह्या माणसाला कापून टाका."

ह्या माणसाला. माळा माझ्या डोक्यावरच हाय. हात वर केला असता तर चित्र हाताला लागलं असतं. बोललो का? फोटोत दोघांच्या शेल्याची गाठ मधोमध आली होती, ती वाचवून कापता येत नव्हतं. तसं तिला सांगितलं. चालतंय, म्हणाली.

मी पट्टी ठेवली अन् गाठीतून कापलं. उरलेला तुकडा देऊ का, असं विचारलं, तर कचऱ्यात टाका म्हणाली. टाकला. मग काच बसवली, पुठ्ठा ठोकला, अन् हूक बरोबर वरच्या बाजूला मारला.