अजून न बनलेल्या मशीनची खरेदी

एकेकाळी एका ऑफिसात असलेले आम्ही तिघं-चौघं आता वेगवेगळ्या गावी आहोत. पण फोन झाला की हवापाण्याचं बोलणं लगेच संपतं आणि ऑफिसचे किस्से सुरू होतात. ते कुणी मुद्दाम जमवले नाहीत. आम्ही ज्या वस्तूवर काम करत होतो ती वस्तूच जगात नव्हती. त्यामुळे हातात दुसरं काही उरलंही नाही.

२००५-०६ चा काळ. अमेरिकेत, हर्नडन गावात आमची छोटी कन्सल्टिंग कंपनी होती. एका सरकारी खात्याला संशोधनासाठी क्वांटम कॉम्प्युटर हवा होता, तोही आपल्या चुका आपणच सुधारणारा. नवी औषधं, नवे धातू यांची गणितं त्यावर सुटतील अशी आशा. तो कधी आणि कसा घेता येईल हे आम्ही सांगायचं. त्यातलं खरं कळणारा माणूस एकच, बापट काका. फार पूर्वी पुण्याहून आलेले, फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. मी नागपूरचा सॉफ्टवेअरवाला. ते बोलायचे, मी रिपोर्ट लिहायचो.

*

खात्याकडून लिंडा यायची. खरेदी विभागातली सीनिअर बाई, बोलणं मोजकं. पहिल्याच मीटिंगला तिने वॉरंटीचं विचारलं.

काका म्हणाले, "मॅडम, आज यातली माहिती सेकंदभर टिकली तरी आम्ही खूश होतो."

लिंडा म्हणाली, "म्हणजे एक वर्षाहून कमी." आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

*

मग काकांनी तिला चुका सुधारण्याची पद्धत समजावली. एकेक भाग चुकतोच, म्हणून असे पुष्कळ भाग एकत्र बांधायचे आणि एकमेकांवर लक्ष ठेवायला लावायचे. सगळे मिळून एक बरोबर उत्तर देतात.

"म्हणजे कमिटी," लिंडा म्हणाली.

काकांनी खरोखर विचार केला. "नाही. कमिटीत माणसं वाढली की चुका वाढतात. इथेही आज तेच होतंय. ज्या दिवशी भाग वाढवून चुका कमी होतील, त्या दिवशी मशीन झालं समजा."

एवढ्या दिवसांत मला तो विषय पहिल्यांदा कळला.

*

त्या उन्हाळ्यात माझी आई नागपूरहून आली होती. नेमकं काय करतोस, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सरकारला एक मशीन घ्यायला मदत करतो, पण ते अजून बनलेलं नाही.

"आम्ही पण स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलो," आई म्हणाली. "पण ती शेजाऱ्यांकडे दिसायची तरी."

मी हे काकांना सांगितलं. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी ते जसंच्या तसं लिंडाला ऐकवलं. ती पहिल्यांदाच हसली.

*

शेवटी लिंडाचे वरिष्ठ आले. त्यांना फक्त मशीन कोणत्या साली मिळेल तेवढं हवं होतं. आमचा बॉस वॉल्टर आधीच काकांना बाजूला घेऊन म्हणाला होता की दहा वर्षं म्हणून टाका, सगळे तेच म्हणतात, काम पुढे चालू राहील.

मीटिंगमध्ये प्रश्न आलाच. काका म्हणाले, "मला माहीत नाही. आणि जो तुम्हाला साल सांगेल, त्याच्यापासून जरा सांभाळून राहा."

पुढच्या महिन्यात आमचा प्रोजेक्ट बंद झाला. मला दुसरीकडे टाकलं, काका घरी बसले. नोकरी गेली तर व्हिसाही जाईल, या काळजीने माझी झोप उडाली होती, तरी काकांवर रागावणं काही जमलं नाही.

*

त्यानंतर काही महिन्यांनी लिंडाचा काकांना फोन आला. मधल्या काळात तिचा नवरा वारला होता. ती सुट्टीवर होती. ज्यासाठी एवढं केलं ते एकदा बघता येईल का, असं तिने विचारलं. काकांच्या ओळखीने आम्ही तिघं जवळच्या एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये गेलो. गाडी मी चालवली.

टेबलभर आरसे आणि वायरी. मधल्या हवाबंद डबीत एकच अणू धरून ठेवलेला; काका ज्याला मशीनचा एक भाग म्हणायचे, तो हाच. लेझरच्या उजेडात तो चमकायचा आणि स्क्रीनवर एक ठिपका दिसायचा, बस.

लिंडा खुर्ची ओढून समोर बसली. तेवढ्यात ठिपका गेला. स्क्रीन काळी.

"मी काही केलं का?" तिने हळूच विचारलं.

"नाही, मॅडम," काका म्हणाले. "तो असाच जातो. कुणाचा दोष नसतो."

लॅबवाल्यांनी पुन्हा सगळं जुळवून दुसरा अणू पकडला. थोड्या वेळाने त्याच जागी ठिपका उमटला.

लिंडाने काकांकडे वळून बघितलं. "हा तोच आहे का?"

काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हो म्हणू या."