चाचांची झोप

आज माझ्या नावापुढे बी.एस्सी. लागतं ते चाचांमुळे. "झोपेला घड्याळ कुटं कळतंय, बेटा?" असं म्हणून ते डोळ्यांवर ओला टॉवेल टाकत आणि मिनिटभरात घोरू लागत. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मला त्यांचा फार हेवा वाटे.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीत मी आणि चाचा आळीपाळीने एकाच मशीनवर होतो आणि शहरात एकाच पत्र्याच्या खोलीत राहत होतो. शेजारी यंत्रमाग. मे महिन्याच्या भर दुपारी, त्या खडखडाटात चाचा गाढ झोपत. वीज जाऊन माग थांबले की मात्र दचकून उठत. "काय झालं रे?"

मी करमाळ्याकडचा; घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच. एक आठवडा दुसरी पाळी, एक आठवडा रात्रपाळी, आणि सकाळी आठला कॉलेज. एकदा रात्रपाळी करून गेलो, तर प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या डुलकी लागली. काचेची नळी फुटली. सरांनी बाहेर काढलं.

चाचांनी ऐकलं. म्हणाले, "तुज्या रात्री मला दे की. मला काय, कवाबी झोप येती."

सुपरवायझरला सांगून तीन वर्षं माझ्या वाट्याच्या रात्रपाळ्याही त्यांनीच केल्या; त्यांची दुसरी पाळी मी घेतली.

मी उपकार घेतले, आणि हेवाही धरून बसलो. परीक्षेच्या काळजीने मला रात्रीसुद्धा डोळा लागेना. एका दुपारी त्यांचं घोरणं सहन न होऊन मी उशाशी मुद्दाम डबा आपटला. ते कूस बदलत पुटपुटले, "जेवून घे, बेटा."

पुढे त्यांच्या पायाची जखम भरेना. तपासणीत साखर निघाली. मी डॉक्टरांना विचारलं, "रात्रपाळीमुळे?"

"संबंध असू शकतो," ते म्हणाले. "पण यांना त्यामुळेच झाली, असं मी सांगू शकत नाही. यांच्या आईलाही होती ना?"

चाचा हसले. "बघ, अम्मीकडनं आलंय. त्याचा दोष बी तुलाच पायजे व्हय रे?" आणि दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या घोरू लागले.

आता ते दुधनीला मुलीकडे असतात. झोप मोडते म्हणून जवळ फोन ठेवत नाहीत. परवा पत्र टाकलं:

"चाचा, सलाम. डॉक्टरांना पुन्हा विचारलं. 'नक्की सांगता येत नाही' हेच उत्तर. हो म्हणाले असते तर तुमचे पाय धरले असते. नाही म्हणाले असते तर निवांत झोपलो असतो. मला आता दिवसपाळी आहे, गादी आहे, पंखा आहे. झोप तेवढी तुमच्याकडेच राहिली. रविवारी दुपारी येतो. घरच्यांना सांगून ठेवा, तुम्ही झोपलेले असाल तर उठवू नका. मी उशाशी बसेन. डबा आपटणार नाही."