पिकअपवरचं घर आणि एक घंटी

शनिवारी सकाळी सहाला आम्ही सोलापुरातून निघालो तेव्हा एकाच गोष्टीचा निकाल लावायचा होता. पिकअपच्या हौद्यावर बसवलेलं ते घर घ्यायचं की नाही? बनवणारा म्हणाला होता, दोन दिवस घेऊन जा, राहून बघा आणि सोमवारी सांगा. घ्यायला पुण्याचा एक जण थांबलाय. मला सोमवारची गरजच नव्हती. मी मनातल्या मनात हो म्हणून मोकळा झालो होतो.

बायको आणि मी वीस वर्षं तंबू घेऊन हिंडतो आहोत. कुणाच्या तरी वस्तीवर जायचं, रानाच्या कडेला तंबू टाकू का म्हणून विचारायचं, दोन रात्री राहायचं आणि निघायचं, ही आमची पद्धत. अक्कलकोटकडे विचारायचं काम तिचं, कारण ती एसटीत कंडक्टर होती आणि त्या रूटवर उभ्या उभ्या कानडी शिकली होती. मी चिंचोळी एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो. गाडी माझ्याकडे, माणसं तिच्याकडे. अडचणीच्या जागी गाडी घालायची असली की ती खाली उतरायची आणि पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हा एसटीतला नियम, म्हणून त्या थापेला आम्ही घंटीच म्हणायचो. वीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, आणि याचं श्रेय मी चारचौघांत खुशाल स्वतःकडे घ्यायचो.

मग तिचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, ती चालायला लागली, पण डॉक्टरांनी जमिनीवर बसणं कायमचं बंद केलं. तंबूत बसणं, झोपणं, उठणं सगळं जमिनीवरच. तरी दिवाळीनंतर एकदा गेलो. सकाळी तिला उठता येईना. मी आणि वस्तीवरच्या बाईंनी मिळून तिला पोत्यासारखं उभं केलं. परतताना ती शांतपणे म्हणाली, "आता तुमी एकटेच जात जावा."

मला ते फार झोंबलं. एकट्यानं जायचं तर जायचं कशाला? त्या रागातच मी शोधाशोध सुरू केली आणि हे घर सापडलं. आत उभं राहता येतं, बसायला बाकडं, शेगडी, पाण्याची टाकी, ड्रायव्हरच्या डोक्यावर येणारा झोपायचा माळा, कोपऱ्यात बंद दाराआड कमोड. ते कमोड बघून तिचा चेहरा जरा सैल झाला. रानात बाईमाणसाला पहाटे काय शोधावं लागतं हे मला वीस वर्षांत एकदाही शोधावं लागलं नव्हतं. मी टेप काढून सगळं मोजलं. ती दारात उभी राहून आत बघत होती. "गाडी चांगली हाय," म्हणाली. एकदाच. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

तर त्या शनिवारी मोहोळपर्यंत मी चाळीसच्या वर गेलोच नाही. मार्चचं वारं सुटलं होतं आणि वरच्या त्या घरामुळे गाडी डोलत होती. बाजूनं कंटेनर गेला की स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं व्हायचं. मी एकेक तळवा पँटला पुसत होतो. तिला ते दिसत होतं आणि ती रस्त्याकडे बघत होती. मोहोळ ओलांडल्यावर म्हणाली, पाय वाकवून वाकवून गुडघा ठणकतोय, जरा लांब करायला हवा.

बनवणाऱ्यानं स्पष्ट बजावलं होतं की गाडी चालू असताना मागे कुणी बसायचं नाही. पण माळा होता, गादी होती, आणि मला ते घर किती कामाचं आहे हे तिला दाखवायचं होतं. मी रस्त्याकडेला थांबलो. घडीची शिडी लावली. पहिली पायरीच तिच्या गुडघ्याच्या वर आली. मी मागून ढकललं, ती बाकड्यावर चढली, तिथून माळ्यावर. दोघंही धापा टाकत होतो. मी चेष्टेनं म्हटलं, "मॅडम, आज तुम्ही प्यासिंजर." तिनं गादीवर पाय लांब केले.

टेंभुर्णीच्या पुढे हमरस्ता सोडून उजनीच्या पाण्याकडे वळलो. ओळखीची वस्ती नव्हती, पण लांबून झाडं दिसत होती. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. साडेनऊ झाले असतील. पुढं रस्त्यावरून शेतातल्या मोटारीची तार आडवी गेली होती, मध्ये चांगलीच लोंबलेली. मी वेग कमी केला. गाडीची नवी उंची नऊ फूट आठ इंच, मला पाठ होती. पण डोळ्यांना सवय जुन्या पिकअपची. जाईल, असं वाटलं. नाहीच जाणार, असंही वाटलं. मी जवळजवळ थांबलोच होतो.

तेवढ्यात डोक्यावरच्या पत्र्यावर थाप पडली. एक, आणि लगेच दुसरी, जरा जड.

माळ्याला पुढून खिडकी आहे, तिथून तिला तार दिसत असणार. तिनं दोन दिल्या म्हणजे चला. मी क्लच सोडला. वरून खरडल्याचा आवाज आला, गाडीला हिसका बसला आणि मी ब्रेक दाबला.

खाली उतरून बघतो तर तार छपरावरच्या झरोक्याच्या झाकणात अडकून ताणली गेली होती आणि कडेचा लाकडी खांब तिरपा झाला होता. मी मागच्या दाराकडे धावलो. उसातून एक शेतकरी हात वर करून येत होता. "गाडीला हात लावू नका. मागं सरा," म्हणाला. माझ्याच वयाचा असेल. त्यानं माझा दंड धरला आणि सोडला नाही.

आत्ता मोटार बंद आहे म्हणजे लाईट नाही, असं त्यानं सांगितलं. पण या आठवड्यात शेतीच्या लाईटची दिवसाची पाळी होती आणि दहाला लाईट यायची. कधी पाच मिनिटं आधीही यायची. माझ्या घड्याळात दहा वाजायला अठरा मिनिटं होती. मी सांगितलं, आत बायको आहे. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की ते अजून आठवलं की मान खाली जाते.

मी तिला हाक मारली. पुन्हा मारली.

"हाय मी," आतून आवाज आला. "खाली पडलेय. उठता येत न्हाय."

बाकडं आणि शेगडी यांच्यामधली वाट मी स्वतः मोजली होती, एकवीस इंच. त्यात ती आडवी होती. गुडघे टेकता येत नव्हते आणि कुशीला वळायला जागा नव्हती. मी दंड सोडवायला बघितलं. शेतकरी म्हणाला, त्या आत हायत तेच बरं, लाईट आली तर खाली उभं राहून गाडीला शिवणाराच मरंल. एका हातानं मला धरून दुसऱ्या हातानं तो सबस्टेशनला फोन लावत होता. फोन वाजून वाजून बंद पडायचा. आतून तिनं विचारलं, किती वाजले. मी म्हटलं, नऊच वाजलेत, बराच वेळ आहे.

"माझ्या हातात घड्याळ हाय," ती म्हणाली.

मला तेव्हा रडू आलं. कमोडची उंची विचारली होती मी, टाकीत किती लिटर मावतं ते विचारलं होतं. आणि ही बाई पडली तर उठेल कशी, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

चौथ्या खेपेला फोन उचलला गेला. तार मोकळी झाल्याचा फोन येईपर्यंत लाईट सोडत नाही, असं पलीकडच्यानं कबूल केलं. शेतकऱ्यानं ते त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग त्याची बायको वस्तीवरून टोकाला बेचकं असलेला सुका बांबू घेऊन आली. उसाच्या ट्रॉल्या जाताना तार उचलायला तो प्रत्येक वस्तीवर असतो. शेतकऱ्यानं बांबूनं तार झाकणातून सोडवून वर उचलून धरली, मी गाडीत बसलो आणि मागं घेऊ लागलो. मागून थाप पडत नव्हती. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी घंटीशिवाय रिव्हर्स घेत होतो, आणि शेतकऱ्याची बायको हातानं दाखवत असूनही मी दर हाताला थांबत होतो.

तिला बाहेर काढायला आम्ही तिघं लागलो. कोपर सुजलं होतं, गुडघा शाबूत होता. वस्तीवरच्या बाईंनी चिंचेखाली बाज टाकली. ती बसली, चहा प्यायली, आणि कोंबड्या किती, बोअरला पाणी किती, अशा त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. मी गाडीच्या छपराचं नुकसान बघत असल्याचं दाखवत लांब उभा राहिलो. राग तिच्यावर नव्हता, पण तो कुठेतरी काढायचा होता. शेवटी जाऊन म्हटलंच, "तार दिसत होती तर दोन घंट्या कशाला दिल्यास?"

तिनं कप खाली ठेवला.

"दोन कुटं? एक माझी होती," म्हणाली. "दुसरी, उठताना तोल जाऊन मी पडले त्याची."

ती शांतपणे पुढं बोलली, की तुमाला जायचं होतं, म्हणून तुमी दोन ऐकल्या. माझा त्या घराबद्दलचा सगळा उत्साह त्या एका वाक्यात बसत होता. दारात उभी राहून ती एकदाच 'चांगली हाय' म्हणाली होती, पुढचं सगळं मीच वाजवून घेतलं होतं. चूक माझी आहे, असं मी त्या दोघांसमोर म्हणालो. असं मी सहसा म्हणत नाही.

निघायच्या वेळी मी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. बाजेच्या माचव्यावर, कडेच्या लाकडावर, तळवे टेकून ती आपली आपण उठली. मग तिनं वाकून जमिनीपासून बाजेच्या विणलेल्या सुंभापर्यंत वितीनं मोजलं. दोन विती आणि चार बोटं. "एवढं असलं की उठता येतंय की," म्हणाली.

सोमवारी घर परत केलं आणि झाकण बदलून द्यायचं कबूल केलं. बनवणारा विचारत होता, काय कमी पडलं, माळा खाली घेऊ का, शिडीला एक पायरी वाढवू का. सांगण्यासारखं कमी काहीच नव्हतं. ज्याला दार लावून रस्त्याकडेला झोपायचंय त्याला ते उत्तम आहे, आणि पुण्याच्या माणसानं ते घेतलंही.

आम्ही नवी पेठेच्या मागं एका दुकानातून पट्टीची लोखंडी घडीची खाट घेतली, आणि खाट मावून आत उभं राहता येईल असा उंच तंबू. कमोडची खुर्चीही घेतली; ती तिनं निवडली, मी टेप घरीच ठेवली होती. पुढच्याच महिन्यात अक्कलकोटकडे गेलो. वस्तीच्या वळणावर ती म्हणाली, थांबा, उतरते. सीटवरून उतरायला, काठी घ्यायला आणि गाडीच्या मागं जायला तिला आता चांगली पाच मिनिटं लागतात. मी इंजिन बंद केलं आणि आरशात बघत बसलो. थाप पडली. मी चावीला हात लावला नाही, दुसरीची वाट बघत राहिलो.