अर्धी पट्टी खाली

"गाणाऱ्याले कळू द्याचं नाई, सर," असं म्हणत तो पेटीचा भाता हळूच ढकलायचा. साथीला बसणारे तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. गाणाऱ्याच्या आधी टाळी घेणारेच त्यात जास्त. हा मात्र असा बसायचा, की कोणाचं लक्षच जाऊ नये.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत चामोर्शीत पेटी शिकवणारे आम्ही दोघेच. मी शाळामास्तर, परीक्षा दिलेला. तो ऐकून ऐकून शिकलेला. तरी पोरं त्याच्याकडे जायची. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला बोलावणंही त्यालाच. मला ते पाहवत नसे.

आमचा गायक नट 'आपण काळी दोनमध्येच गातो' असं गावभर सांगायचा. उंच पट्टी ती. वय झालं होतं, गळा उतरला होता. तो तालमीला आला की हा आधी त्याला चहा पाजायचा, धानाच्या गोष्टी काढून बोलतं करायचा. त्या बोलण्यावरून त्या दिवसाचा आवाज ओळखायचा, तबलेवाल्याला खूण करायचा आणि पांढरी दोन धरायचा. अर्धा सूर खाली. नट खुशीत गायचा.

मी ते ओळखलं, आणि एका दुपारी नटाला सांगून टाकलं, "भाऊ, तो तुमची पट्टी उतरवून राह्यला. लोकं हसतात." हसत कोणीच नव्हतं.

हे सरांनीच सांगितलं, असं माझं नाव घेऊनच नटानं त्याला पेटीवरून उठवलं. तिथे मी बसलो.

रंगीत तालमीला गाव जमलं. मी बरोबर काळी दोन दिली. दुसऱ्याच पदाला नटाचा आवाज फाटला. तो संतापून माझ्याकडे वळला, एवढ्यात लोकांतून हा उठला.

"सरांची चूक नाई, भाऊ. पेटीचे सूर बिघडून राह्यले."

पेटी माझी होती. त्याच आठवड्यात सूर लावून आणलेली.

पुढे तो बायकोच्या माहेरी, कुरखेड्याला निघून गेला. जाताना शिकवणीची पोरं माझ्याकडे पाठवली. एका मुलीला विचारलं, काय म्हणाले गं तुझे गुरुजी?

"म्हणे, सरांचं शिकणं पक्कं हाय. माह्यापेक्षा चांगले शिकवतीन तुले."

आता काय लपवू? ते ऐकून मला आधी लाज वाटली नाही. हेवाच वाटला, की असं बोलणं याला जमतं कसं. लाज घरी गेल्यावर वाटली.

त्याला जाऊन एकदा सगळं कबूल करायचं होतं. कुरखेड्याला जायला दोन बस बदलाव्या लागतात. तो वारल्याचं कळेपर्यंत मी स्वतःला तेवढंच कारण देत राहिलो.